वाचकबाईंनी सोडलेल्या जागा

वाचकबाईंना आपल्या आवाजाचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. लपवायचा कशाला? रोज सकाळी प्रार्थनागृहात त्या उंच खुर्चीवर बसून ग्रंथ वाचायच्या, तेव्हा मागच्या ओळीतल्या कानांनी अधू झालेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा शब्द न् शब्द कळायचा. कुणाला खोकला आला तर तो वाक्य संपेपर्यंत दाबून धरायचा. "देवानं प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवलंय," बाई म्हणायच्या, "मला गळा दिलाय. तो गुंडाळून फडताळात ठेवला तर देणाऱ्याचाच अपमान." आता याला कुणी गर्व म्हणो, कुणी भक्ती. बाईंच्या लेखी दोन्ही एकच.

नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि दुपारी खायला उठू लागल्या, तेव्हा बाईंनी अंधशाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम अंगावर घेतलं. शाळा प्रार्थनागृहाच्याच विश्वस्तांची होती. तिच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध काच. काचेच्या अलीकडे बाई आणि पलीकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस. तो बोलायचा कमी आणि बटणं दाबायचा जास्त, म्हणून सगळे त्याला 'बटण'च म्हणत. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, अंगावर खुळखुळणारं काही ठेवायचं नाही. बाई किल्ल्यांचा जुडगासुद्धा बाहेर टेबलावर काढून यायच्या. पान उलटायचं तर आधी वाक्य संपवायचं, श्वास धरायचा, कोपरा चिमटीत घ्यायचा आणि झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढावं तसं पान उचलायचं. बाईंच्या पानाची सळसळ पुसायची वेळ बटणावर कधी आली नाही, आणि हेही बाई चारचौघांत सांगायच्या.

त्यांची आणखी एक रीत होती. पुस्तक आधी चाळायचं नाही. मुलांना पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, मग आपल्याला तरी का असावं? आधी वाचून ठेवलं की आवाज शहाणा होतो, आणि शहाण्या आवाजाची गोष्ट कुणाला ऐकावीशी वाटत नाही, असं त्यांचं ठाम मत. याच रितीनं त्यांना एक दिवस चांगलंच कात्रीत धरलं.

ते पुस्तक मुलांनीच मागितलं होतं. एका गावावर धुकं उतरतं आणि उठायचं नावच घेत नाही. घरांची दारं आपोआप बंद होतात, आत असलेले आत, बाहेर असलेले बाहेर. एक मुलगी आत अडकलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. शाळेत कुणीतरी ही गोष्ट अर्धीमुर्धी ऐकून आलं आणि मग सगळ्या पोरांनी मुख्याध्यापिकांचं, म्हणजे मोठ्या बाईंचं, डोकं खाल्लं. का, ते उघड होतं. त्या गावात कुणालाच दिसत नव्हतं, आणि तरी गोष्ट पुढे जात होती.

पहिली दोन प्रकरणं बाईंनी अशी वाचली की काचेपलीकडे बटण चहा प्यायचा विसरला. तिसऱ्यात किल्ल्या विकणारी एक म्हातारी आली. बाईंनी तिला लगेच घोगरा, खट्याळ आवाज दिला. म्हातारी मुलीला म्हणाली, "किल्ली नाही तुझ्या दाराला. हे म्हण." आणि खाली, वेगळ्या ओळींत, मंत्र.

बाई तिथेच थांबल्या.

गेल्याच आठवड्यात प्रार्थनागृहात प्रमुखांनी याच विषयावर प्रवचन दिलं होतं. मुलांच्या हातात हल्ली चेटकिणींची, मंत्रतंत्रांची पुस्तकं येताहेत, त्यांचे सिनेमे निघताहेत, ती घरात येऊ देऊ नका. बाईंनी पहिल्या ओळीत बसून मान हलवली होती. त्यात पुन्हा खुर्चीचा जुना नेम होताच: ज्या तोंडानं ग्रंथ वाचायचा त्या तोंडातून मंत्र, शाप, करणी असलं काही निघता कामा नये. निघालं, तर खुर्ची सोडायची.

पुस्तक परत द्यावं? अर्ध्यावर सोडलेलं काम बाईंना उष्ट्या ताटासारखं वाटायचं. मग मंत्र गाळून पुढचं वाक्य मागच्याला जोडावं? छे! ज्यानं लिहिलं त्यानं तिथे शब्द ठेवलेत. तिथे काही नव्हतंच असं भासवायचं, तेही ज्यांना पान बघता येत नाही अशा पोरांना? ही तर शुद्ध लबाडी. बाईंनी क्षणभर विचार केला आणि ओठ घट्ट मिटून डोळ्यांनी त्या ओळी वाचल्या. सावकाश, वाचून दाखवल्या असत्या तेवढ्याच वेळात.

काचेवर टकटक झाली. "बाई, आवाज येत नाहीये."

"येणारच नाही. मी गप्प आहे."

"मग थांबवू?"

"थांबवायचं नाही. चालू राहू दे."

"पण कोरं जातंय हो!"

"जाऊ दे कोरं. आणि मागाहून तेवढं कापलंस ना, तर गाठ माझ्याशी आहे."

बटणानं खांदे उडवले, हे मधलं बोलणं पुसलं आणि ती जागा पहिल्यापासून घ्यायला पुन्हा बटण दाबलं. पुस्तक संपेपर्यंत असंच चाललं. मंत्र आला की बाई गप्प, संपला की पुढचं वाक्य. देवाचंही राखलं आणि पुस्तकाचंही राखलं, याचा त्यांना इतका आनंद झाला की घरी जाताना त्या रस्ताभर स्वतःशीच हसत होत्या.

मग त्या पुस्तकावरचा सिनेमा गावात आला.

थिएटरच्या मालकानं मोठ्या मनानं अंधशाळेसाठी एक सकाळचा खेळ देऊ केला. पडद्यावर काय चाललंय ते कुणीतरी माइकवरून सांगायचं आणि मुलांनी ऐकायचं. सांगणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पण शाळा विश्वस्तांची, आणि विश्वस्तांत पहिला शब्द प्रार्थनागृहाच्या प्रमुखांचा. प्रमुखांनी सभा बोलावली: मुलांना हा सिनेमा दाखवायचा की नाही, आणि ते पुस्तक शाळेत ठेवायचं की नाही.

प्रमुख म्हणजे साठीला टेकलेले, पांढऱ्या दाढीचे, भारदस्त गृहस्थ. रस्त्यानं निघाले की लोक बाजूला व्हायचे. फक्त वाचकबाई त्यांना 'छोट्या' म्हणायच्या, कारण ते त्यांचे धाकटे भाऊ होते आणि आई गेल्यावर बाईंनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी छोट्या बहिणीकडे आला, कपाला हात न लावता बसून राहिला.

"ताई, उद्या तू बोल. मी बोललो तर म्हणतील, याचं कामच आहे ते. तू ते पुस्तक वाचलंयस. नको ते तू तोंडातून काढलं नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. का काढलं नाहीस, एवढंच सांग."

"सांगेन की. त्यात काय लाजायचंय?" बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "अरे, पण गोष्ट वाईट नाही हो. पोरगी धाकट्या भावाला सोडवायला निघते."

"मंत्र म्हणून?"

"हो, मंत्र म्हणून."

"मग नकोच ना!" छोट्यानं कप बाजूला सारला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुला वाटतं मी हट्टीपणा करतोय. ताई, डोळस पोराला पडद्यावर दिसतं की हे रंगवलेलं आहे, खोटं आहे. या पोरांना काय दिसणार? त्यांच्याजवळ फक्त आवाज आहे. त्यांनी खरं मानलं, उद्या संकटात देवाला हाक मारायची सोडून असलं काही म्हणत बसली, तर? आणि तो आवाज कुणाचा? तुझा. तू सांगितलंस की ती पोरं डोळे मिटून विश्वास ठेवतात."

छोट्या उगीच बोलणाऱ्यातला नव्हता, आणि त्याच्या बोलण्यात काळजी होती, हे बाईंना कळत होतं. "बोलते उद्या," त्या म्हणाल्या, "आता चहा पी. गार करून टाकलास सगळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सभेच्या बऱ्याच आधी शाळेत पोचल्या. इस्त्रीची साडी, हातात ते पुस्तक. पॅसेजमधून जाताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. एका वर्गात त्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं. बाई दाराशी थांबल्या. आपला आवाज आपण बाहेरून ऐकायचा म्हणजे नवं कापड घालून आरशासमोर उभं राहण्यासारखंच. कोण पुढे जाईल? तिसरं प्रकरण होतं. म्हातारीचा घोगरा आवाज फर्मास जमला होता. "किल्ली नाही तुझ्या दाराला," म्हातारी म्हणाली, "हे म्हण."

आणि शांतता. बाईंनी सोडलेली ती कोरी जागा.

त्या जागेत एक मुलगी उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली:

"कुलपा कुलपा, गार आहेस,
माझ्या बोटांना कळला आहेस.
किल्ली नको, दिवा नको,
मी आले, आता सरक!"

'सरक' हा शब्द संपला आणि त्याच क्षणी बाईंचा आवाज परत आला, "आणि दार, करकरत, आतल्या बाजूला उघडलं." सगळ्या वर्गानं टाळ्या पिटल्या, बाकं बडवली. "बरोब्बर बसला! बरोब्बर!" कुणीतरी ओरडलं. "उद्या माझा नंबर!"

बाईंच्या हातातलं पुस्तक पडता पडता राहिलं.

"दारात वाचनमावशी आहेत," ती मुलगी म्हणाली. शाळेत तिला 'रेडिओ' म्हणायचे, कारण ती उठल्यापासून निजेपर्यंत बंद होत नसे. "मावशी, तुमची डावी चप्पल वाजते. ऐकलात ना माझा? कसा झाला?"

"हे काय चाललंय गं?" बाईंनी विचारलं.

"मंत्र!" चारी बाजूंनी उत्तर आलं. मग सगळे एकदम बोलू लागले, आणि रेडिओनं सगळ्यांना गप्प करून रीतसर सांगितलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मग कळलं की जिथे मंत्र आहे तिथेच मावशी गप्प होतात. म्हणजे तो आपण म्हणायचा! मग रोज एकाचा नंबर. मंत्र स्वतःचा हवा, दुसऱ्याचा चालणार नाही. आणि मावशींचा आवाज परत यायच्या आत तो संपला पाहिजे. लांबला किंवा तोकडा पडला, तर दार उघडत नाही, सगळे मिळून हुर्यो करतात.

"तुम्ही जागा इतकी नीट सोडलीय ना मावशी," रेडिओ म्हणाली, "की मनात माप घेऊन बनवता येतो. आमच्यासाठी अशी जागा आजपर्यंत कुणी सोडली नव्हती. पुस्तकात सगळं आधीच ठरलेलं असतं."

बाईंनी उभ्या जन्मात खोटं बोलायचं टाळलं होतं. 'तुमच्यासाठी सोडली' असं त्या म्हणू शकत नव्हत्या, आणि 'तुमच्यासाठी नव्हती सोडली' हे शब्द बाहेर पडेनात. "सोडली खरी," एवढंच त्या म्हणाल्या. पोरांना तेवढं पुरलं. बाईंना मात्र पुरलं नाही. त्या सभेच्या खोलीत जाऊन बसल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. ज्या गळ्याचं एवढं कौतुक केलं, तो पोरांना आवडला होताच. पण त्यांनी जीव टाकला होता तो बाई जिथे गप्प बसल्या त्या जागांवर. आणि काय सुरेख केलं होतं कार्ट्यांनी! दिवा नको म्हणे. बाईंचा ऊर नुसता भरून आला.

सभा भरली. पुढे विश्वस्त, मधे पालक, मागच्या बाकांवर मुलं, कारण त्यांना बाहेर ठेवायला मोठ्या बाई तयार नव्हत्या. "त्यांच्याबद्दल बोलायचंय तर त्यांच्यासमोर बोला," त्या म्हणाल्या होत्या. प्रमुख बोलले ते चांगलंच बोलले. आदल्या दिवशी बहिणीजवळ बोलले होते तेच, पण सगळ्यांना पटेल अशा शब्दांत. पालकांतल्या दोघीतिघींनी मान हलवली. मग त्यांनी बाईंकडे हात केला. "हे पुस्तक इथे फक्त एकाच व्यक्तीनं संपूर्ण वाचलंय."

बाई उठल्या. बोलणार, तेवढ्यात विश्वस्तांपैकी औषधाच्या दुकानाचा मालक मधेच म्हणाला, "आधी तो मंत्र तरी ऐकू द्या. कशाला हरकत घेतोय ते कळायला नको? बाटलीवरचं नाव न वाचता औषध विषारी आहे म्हणायचं का?"

"ताई ते वाचणार नाहीत," प्रमुख म्हणाले, "त्यांच्या खुर्चीचा नेम आहे."

"मग तुम्ही वाचा."

प्रमुखांनी दाढीवरून हात फिरवला. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि कुणीच ते उघडेना. तापलेलं भांडं एकमेकांना द्यावं तसं ते फिरून पुन्हा बाईंच्या हातात आलं. बाईंना हसू आलं, आणि त्याच हसण्याबरोबर राग आला. एवढी मोठी माणसं, आणि मागच्या बाकावरची पोरं याच्यापुढे छाती काढून उभी राहतात!

"मी या जागा का सोडल्या ते सांगते," बाई म्हणाल्या. आवाज असा लागला की खिडकीबाहेरचा शिपाईही वळला. "भीतीनं सोडल्या. नेमाची भीती, लोकांची भीती, खुर्ची जाईल याची भीती. मुलांसाठी नव्हत्या सोडल्या. पोरांनो, दुपारी तुम्हाला हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ते आता सांगते. पण त्या जागांत तुम्ही जे घातलंत ते मी ऐकलं. रेडिओ, उठ गं. तुझा म्हणून दाखव."

रेडिओ उठली. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, कुलपा कुलपापासून सरकपर्यंत, एकही अक्षर न अडखळता. एक आई पदरानं डोळे टिपू लागली.

"आणि आता पुस्तकातला ऐका," बाई म्हणाल्या.

"ताई!" प्रमुख म्हणाले. मग हळूच, सगळ्यांसमोर, लहानपणी म्हणायचा तसं म्हणाले, "ताई, नको ना. खुर्ची जाईल तुझी."

"ठाऊक आहे रे, छोट्या."

बाईंनी पुस्तक उघडलं, कोपरा चिमटीत धरून पान उलटलं, आणि खुर्चीवर बसून ग्रंथ वाचायच्या त्याच आवाजात, तेवढ्याच स्वच्छ उच्चारात वाचलं:

"उघड दारा, सोड वारा,
काळ्या ढगात काळा तारा,
अडगळ तडगळ घोळ घुमारा,
उघड दारा, उघड दारा."

पुस्तक मिटलं. मागच्या बाकांवरचा सगळ्यात लहान मुलगा, अगदी फसवल्यासारख्या आवाजात, म्हणाला, "एवढंच?"

"घोळ घुमारा म्हणजे काय?" दुसऱ्यानं विचारलं.

"काही नाही. उगाच," रेडिओ म्हणाली. "लांबी भरायला घातलंय. आपले चांगले आहेत."

आधी औषधवाला हसला. मग पालक हसले, मग मोठ्या बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. प्रमुख हसले नाहीत. ते उठून मागच्या बाकांपर्यंत गेले आणि रेडिओच्या समोर उकिडवे बसले. या वयात त्यांचे गुडघे कुरकुरलेले सगळ्यांना ऐकू गेले.

"बाळ, एक खरं सांगशील? तू तो मंत्र म्हटलास की दार उघडतं?"

"कुठलं दार, आजोबा?"

"कुठलंही. खरंखुरं."

रेडिओला या प्रश्नाची गंमतच वाटली. "मंत्रानं दारं उघडली असती तर शिपाईकाकांनी खाऊच्या कपाटाला कुलूप कशाला घातलं असतं? आम्ही करून पाहिलंय ना. ती गोष्ट आहे, आजोबा."

"मग म्हणतेस कशाला?"

तिनं थोडा विचार केला. "दार आपल्यालाच ढकलावं लागतं. पण मंत्र म्हटला की ढकलायची भीती वाटत नाही. तुम्हाला नाही का असं होत, प्रार्थना करताना?"

प्रमुख बाकाला धरून उठले आणि आपल्या जागेवर आले. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सिनेमाच्या बाजूनं हात वर केला नाही, आणि विरुद्धही केला नाही. बाकीच्यांचे हात मोजून मोठ्या बाईंनी जाहीर केलं: सिनेमा दाखवायचा, पुस्तक ठेवायचं.

नेम तो नेम. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी काही म्हणायच्या आत बाई प्रार्थनागृहात जाऊन शेवटच्या ओळीत बसल्या. खुर्चीवर प्रमुखांची बायको बसली. भावजय बिचारी भली, पण नाकात वाचणारी, आणि वाक्याचा शेवट गिळून टाकायची. बाईंना रोज आतल्या आत चरफडायला व्हायचं. लोक त्यांच्याकडे वळून वळून बघायचे, काही कीव करायचे, काही तोंड फिरवायचे. बाई ताठ बसायच्या. खुर्ची गेली, गळा कुठे गेला होता? आणि खुर्ची कशापायी गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असं रोज शेवटच्या ओळीत बसायला फार त्रास झाला, हे मात्र खरं. तो त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नाही.

आता नेम सुटलाच होता, म्हणून एका दुपारी त्या शाळेत गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "चला, त्या कोऱ्या जागा भरून टाकते. बटण तयार बसलाय. अख्खं पुस्तक होऊन जाईल तुमचं."

वर्गात एकदम गलका झाला. "नको! नको मावशी! हात लावायचा नाही!"

"अरे, पण आता वाचता येतं मला."

"येत असेल," रेडिओ म्हणाली, "पण त्या जागा आता तुमच्या नाहीत."

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गप्प राहा म्हणून सांगितलं होतं. त्या बाहेर येऊन बटणाला म्हणाल्या, "ऐकलंस? वाचू नका म्हणतात मला!" आणि हे इतक्या कौतुकानं म्हणाल्या की बटणसुद्धा चक्क बोलला. "तेव्हा कापलं असतं तर काय झालं असतं हो, बाई!"

सिनेमाच्या सकाळी थिएटर मुलांनी भरून गेलं. बाई कडेला एका उंच स्टुलावर, समोर माइक. या वेळी मात्र त्यांनी आपली रीत मोडून आधी रिकाम्या थिएटरात सिनेमा पाहून घेतला होता, कारण पडदा काही थांबत नाही. दिवे मालवायच्या आधी कडेच्या खुर्चीत एक पांढरी दाढी येऊन बसली.

"तू इथे कसा?" बाईंनी माइकवर हात ठेवून विचारलं.

"मुलांवर लक्ष ठेवायला आलोय," छोट्या म्हणाला आणि समोर बघत बसला.

सिनेमा सुरू झाला. धुकं उतरलं. बाईंनी ते नुसतं सांगितलं नाही, अंगाला लागेल असं सांगितलं. दारं धडाधड मिटली, भाऊ आत राहिला, पोरगी निघाली, म्हातारी आली. आणि मग ते दार. रेडिओनं आधीच थिएटरवाल्याला जाऊन पढवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे त्यानं नेमक्या जागी सिनेमाचा आवाज बारीक केला. पडद्यावर मुलीचे ओठ हलत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. बाईंनी ओठ मिटले.

अंधारात रेडिओ उभी राहिली. पण या वेळी ती एकटी नव्हती, आज सगळ्यांनी मिळून तिचाच मंत्र निवडला होता. सगळं थिएटर उभं राहिलं, सगळ्यांनी हात पुढे केले, आणि छप्पर उडेल अशा आवाजात सुरू झालं, "कुलपा कुलपा, गार आहेस..." बाईंनी कडेला पाहिलं. छोट्या म्हणत नव्हता. पण उभा राहिला होता.

"...किल्ली नको, दिवा नको, मी आले, आता सरक!"

पडद्यावर दार करकरलं. सगळी मुलं श्वास रोखून बाईंच्या बाजूला वळली, कारण पुढे काय झालं ते सांगणं आता त्यांच्याच हातात होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि तो गळा, ज्यानं कधी दगा दिला नव्हता, साफ भरून आला. त्यांनी माइक जवळ ओढला.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "उघडलं रे पोरांनो, सताड उघडलं!"